प्रकरण अकरावे : थँकफुलचे सहा चमचे

ग्लेंडाने साखरेच्या डब्यावर पिवळी चिठ्ठी डकवली, तेव्हा युनिसला आठवडाभरात पहिल्यांदा वाटलं, की आपण केलं ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं.

"साखरही नेणार का?" तिने विचारलं.

"डबा फक्त. साखर तुमचीच." ग्लेंडा गोड हसली. "पिवळी चिठ्ठी रॉइसची, निळी मेरिलची, हिरवी तुमची. नंतर भावंडांत भांडणं नकोत ना, युनिस."

भांडणं नकोत म्हणून युनिसची ही धाकटी भावजय मंगळवारपासून घरात ठाण मांडून बसली होती. फडताळं झाली, तळघरातली पिंपं झाली, माळ्यावरच्या ट्रंका झाल्या. काल तर तिने युनिसची गादी उचलून खाली पाहिलं आणि पलंग ओकचा आहे का तेवढं बघत होते असं सांगितलं. या घरात आता सुई लपवायची सोय उरली नव्हती, मग चमचे कुठून लपणार?

पीझली घराण्यात चमचे म्हटलं की कुठले, हे कुणी विचारत नाही. इंग्रजांची फौज टेकडी चढून येतेय अशी अफवा उठली, त्या वर्षी या घराची मालकीण थँकफुल पीझली हिने आपले चांदीचे सहा चमचे आवारात पुरले. इंग्रज काही आले नाहीत. ताप मात्र आला, आणि जागा कुणाला सांगायच्या आत थँकफुल गेली. तेव्हापासून प्रत्येक पिढीने ते आवार खणलं. आधी कुदळीने, मग मेटल डिटेक्टर निघाले तशी त्या यंत्रांनी. तांब्याची जुनी मोठमोठी सेंटची नाणी मिळाली, बटणं मिळाली, बंदुकीच्या गोळ्या मिळाल्या. चमचे मिळाले नाहीत.

आणि ते मिळाले नाहीत म्हणूनच घर राहिलं. न्यू हॅम्पशायरच्या या टेकड्यांत चमडी जाईल पण दमडी जाणार नाही अशी माणसं पुष्कळ, पण त्यांनीही पीझलींपुढे हात टेकले होते. युनिसचे आजोबा घर विकायला लेखणी घेऊन बसले, गिऱ्हाईक ओसरीवर उभं होतं, तेवढ्यात आजीने स्वयंपाकघरातून विचारलं, "आणि चमचे?" आजोबांनी लेखणीला टोपण लावलं. गिरणी बंद पडली त्या वर्षी वडिलांचंही तेच झालं. घर विकायला कुणाची हरकत नव्हती, पण चमच्यांसकट विकायला कुणीच तयार नव्हतं. आपण विकलं आणि पुढच्या वसंतात नव्या मालकाला गाजरं लावताना मिळाले तर? या एका विचाराने सगळ्यांची झोप उडायची.

आता घर तिघा भावंडांच्या नावावर होतं. युनिस त्यात राहत होती, जन्मल्यापासून. धाकट्या रॉइसने बॉस्टनचा एक दातांचा डॉक्टर गिऱ्हाईक म्हणून आणला होता. दोघांच्या सह्या झाल्या की पुरे होतं, आणि थोरल्या मेरिलने शब्द दिला होता: या वर्षीच्या घराण्याच्या मेळाव्याला माझी मुलगी टेस तिचं नवीन यंत्र आणेल, सगळं आवार पालथं घालेल, आणि चमचे नाहीत असं ठरलं तर मी सही करतो. मेरिल पीझलीचा शब्द म्हणजे शब्द. त्याने बायकोच्या आजारपणात देवाला दिलेला शब्द पाळून सिगारेट सोडली होती, बायको वाचली नाही तरीही.

युनिसची पंचाईत अशी, की चमचे होते. तिला सापडले होते. लायलॅकचं झाड हलवताना काही वर्षांपूर्वी एका फुटक्या बरणीत सहाच्या सहा मिळाले होते. एक चांदीचा, आणि पाच कथलाचे.

चांदीचा पाहुण्यापुढे, म्हणजे पाद्रीबुवांपुढे ठेवायचा, उरलेले पाच घासून घासून चमकवायचे आणि गावाला सांगायचं सहा आहेत, असा थँकफुलबाईंचा संसार. इंग्रजांचं नुसतं निमित्त झालं असणार. कुणीतरी चमचा उलटा करून बघण्याआधी बाईने तो जमिनीत घातला, झालं. युनिस त्या दिवशी चिखलात बसून एकटीच डोळ्यांत पाणी येईतो हसली होती. मग तिने बरणी परत पुरली आणि वर लायलॅक लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण टेसच्या यंत्रापुढे मूठ झाकून चालणार नव्हती. सगळे सापडले, तर पाच कथलाचे बघून रॉइस लोळून हसेल आणि घर विकेल. काहीच नाही सापडलं, तरी विकेल. युनिसने तीन रात्री विचार केला तेव्हा तिला दिसलं, की घर वाचायची एकच वाट आहे. एकच चमचा सापडायला हवा. चांदीचा. एक सापडला म्हणजे पाच आहेतच, आणि पाच आहेत म्हटल्यावर कुठला पीझली सही करील?

चांदीचा तिने बुधवारी विहिरीजवळ, वीतभर खोल ठेवला. आणि कथलाचे पाच पत्र्याच्या डबीत घालून शुक्रवारी सकाळी, मेळाव्याच्या बीन्स रात्रभर जमिनीत शिजतात त्या खड्ड्यात, तळातल्या दगडाखाली. दुपारी मेरिल त्यात मेपलची लाकडं पेटवणार, संध्याकाळी निखाऱ्यांवर बिडाचा भला मोठा हंडा उतरवून वर माती लोटणार, तो शनिवारी जेवणापर्यंत तिथेच राहणार. एवढ्या बिडावर यंत्र धरलं तर नुसतं बोंबलतं, खालचं काही सांगत नाही. शिवाय मेरिलच्या खड्ड्याजवळ जेवणाआधी खुरपं घेऊन जायची कुणाची छाती नव्हती.

"हे काळवंडलेलं भांडं कुणाचं?" ग्लेंडाने विचारलं.

"माझं," युनिस म्हणाली. "हिरवी लाव."

*

शनिवारी सकाळी ग्लेंडा बाहेर आली तेव्हा तिचा नवरा विहिरीपासून बराच लांब, भिंतीकडेला, मेरिलचं जुनं यंत्र झुलवत होता. हेडफोनमुळे त्याला कुणाचं ऐकू येत नव्हतं, आणि तो मात्र ओरडून बोलत होता.

"कॅनची कडी! परत बिअरच्या कॅनची कडी!"

"काल कोण बिअर पीत होतं तिथे?" मेरिलने विचारलं. तो खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. खड्ड्यावरच्या मातीतून अजून थोडी वाफ येत होती. मांडीवर फावडं आडवं, डोळे अर्धे मिटलेले.

ग्लेंडा त्याच्याजवळ गेली. "मेरिल, तुमचा शब्द आहे ना अजून?"

"गेल्याच आठवड्यात दिलाय. एवढ्यात शिळा कसा होईल?"

"नाही, युनिसकडे बघितलं की तुम्ही विरघळता, म्हणून विचारलं."

"मी युनिसकडे बघतच नाही," मेरिल म्हणाला. "मी बीन्सकडे बघतो."

ग्लेंडा हसली. सगळे तिला हावरट समजत होते, हे तिला ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात रॉइस दारातल्या बर्फावरून घसरला, आणि ती शेजारच्या गावातून परत येईपर्यंत तिथेच पडून होता. तेव्हापासून तिला फ्लॉरिडात तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा हवी होती, जिथे बर्फ म्हणजे सरबतात घालायची गोष्ट. त्यासाठी हे घर जायला हवं होतं. युनिस काय, गावात कुठेही राहील. निदान ग्लेंडा स्वतःला तसं बजावत होती.

रॉइस हेडफोन गळ्यात घेऊन आला. "मेरिल, ऊठ जरा. खड्ड्याभोवती एक फेरी मारतो."

"बीन्स निघाल्यावर मार."

"मी खणणार नाही, नुसतं ऐकणार."

"नुसतं ऐकणार असं तू तुझ्या लग्नात पण म्हणाला होतास," मेरिल म्हणाला. "झाकण निघेपर्यंत इथे कुणी यायचं नाही. आजोबांच्या वेळेपासूनचा नियम आहे."

"मग झाकण निघाल्यावर खड्ड्यातही यंत्र घालणार. सगळं आवार म्हणजे सगळं आवार. शब्द आहे तुझा."

"घाल की," मेरिल म्हणाला आणि डोळे पुरते मिटले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत काहीतरी खळ्ळकन पडलं. ग्लेंडाने वळून पाहिलं. युनिस सिंकपाशी उभी होती, आणि तिच्या हातातली बशी आता तिथे नव्हती.

*

टेस पीझली शाळेत मुलांना सुतारकाम आणि ओतकाम शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या घरांची आवारं हुंगत फिरायची. मालकाची परवानगी, नीट बुजवलेला खड्डा आणि जे मिळेल ते आधी मालकाला दाखवणं, एवढ्यावर आसपासच्या तीन गावांत तिचं नाव चांगलं होतं. स्वतःच्या घरच्या आवारात मात्र ती नाइलाजाने आली होती. बाबांनी शब्द दिला तो तिच्या यंत्राच्या जिवावर, हे तिला मुळीच आवडलं नव्हतं.

विहिरीजवळ यंत्रावरचा आकडा वर उडाला आणि कानात गोड, गोल सूर आला. चांदी. तिने दुसऱ्या बाजूने यंत्र फिरवलं. तोच सूर, तोच आकडा. ती गुडघ्यांवर बसली आणि हिरवळीवर हात फिरवला.

हात थांबला.

गवत इथे आधीच कापलेलं होतं. तीन बाजूंनी पात्याने कापायचं, चौथी बाजू तशीच ठेवायची, आणि वहीचं पान उलटावं तसा तो तुकडा उलटायचा, म्हणजे मुळं मरत नाहीत. हे सगळेच करतात. पण न कापलेली बाजू घराकडे ठेवायची, ही खोड फक्त पीझलींची. मेरिलने टेसला तशीच शिकवली होती, आणि मेरिलला त्याच्या आत्याने. या तुकड्याची न कापलेली बाजू घराकडे होती आणि कडेचं गवत अजून पिवळंसुद्धा पडलं नव्हतं.

तिने तो उलटला. खाली चमचा होता. छोटा, पातळ, दांड्याच्या मागे कोरलेलं टी. पी. विहिरीजवळची माती पिवळी, वाळूची. चमच्याच्या खोलगट भागात बसलेली माती मात्र काळीभोर होती, लायलॅकच्या वाफ्यातल्यासारखी.

"मिळालं काही?" युनिस जवळ येऊन उभी होती. तिच्या हातात फडकं होतं आणि ती ते पिळत होती, कोरडं असूनही.

टेसने तिच्याकडे पाहिलं. "युनिस आत्या, तुझे गुडघे दुखत नाहीत का, असं खाली बसून गवत कापताना?"

युनिसने फडकं पिळायचं थांबवलं. "दुखतात," ती म्हणाली. "घर सोडायचं म्हटलं की जास्त दुखतात."

"बाकीचे कुठे आहेत?"

"तू मला विचारू नकोस आणि मी तुला सांगणार नाही. म्हणजे उद्या कुणी तुला विचारलं तर तुला खोटं बोलावं लागणार नाही."

"आत्या, मी इथे प्रामाणिकपणे शोधायला आलेय. बाबांना तोंड दाखवायचंय मला."

"मग प्रामाणिकपणे सांग. हा कुणाचा चमचा आहे?"

टेसने दांडा उलटा केला. "थँकफुलचा."

"कशाचा आहे?"

"चांदीचा."

"आणि कुठे मिळाला?"

"जमिनीत." टेसला हसू दाबता येईना. "आत्या, तू फार पोचलेली आहेस."

"सत्तरी ओलांडल्यावर एवढं चालतं," युनिस म्हणाली, आणि तिने घराकडे वळून पाहिलं. "टेस, मला दुसरीकडे झोप लागत नाही गं. हॉस्पिटलात होते तेव्हा पण नाही लागली. मी गावातल्या म्हाताऱ्यांसाठीच्या त्या खोल्या बघून आलेय. स्वच्छ आहेत. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते."

टेसने नखाने चमच्यातली काळी माती काढली आणि पिवळी वाळू वर चोळली. मग ती उभी राहिली आणि जोरात म्हणाली, "बाबा! रॉइस काका! इकडे या."

रॉइस पहिला पोचला. पडल्यापासून तो इतक्या वेगाने धावला नव्हता. त्याने चमचा हातात घेतला, उलटा केला, चष्मा पुसला, परत उलटा केला. "टी. पी.," तो पुटपुटला. "हे बघ ग्लेंडा. टी. पी."

"छान," ग्लेंडा म्हणाली. "चमचा मिळाला. प्रश्न मिटला."

"मिटला?" रॉइसने तिच्याकडे पाहिलं. "सहा होते."

"आज्यांच्या गोष्टीत सहा असतात. खऱ्यात एक असतो."

"एकटा चमचा कोण पुरतं? बाई सहा चमच्यांचा संच पुरते, तर तो या बाजूने कुठेतरी विखुरलाय. नांगरटीत सरकला असणार." तो विहिरीभोवती फिरू लागला, पायांनी जमीन मोजत. "टेस, तुझं यंत्र किती खोल जातं?"

"वीत, सव्वा वीत."

"मग ते खाली असणार."

"असू शकतं, काका," टेस म्हणाली. यंत्रापेक्षा खाली काहीही असू शकतं, यात खोटं काही नव्हतं.

ग्लेंडाने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग युनिसकडे, मग युनिसच्या हातातल्या कोरड्या फडक्याकडे. तिला काहीतरी कळलं, पण काय ते तिला अजून सांगता आलं नसतं.

*

मेरिलने फावडं उचललं तेव्हा सगळे खड्ड्याभोवती गोळा झाले. राय धान्याचा काळा पाव टेबलावर तयार होता, सफरचंदाची सायडर ओतून झाली होती. माती बाजूला सरली, हंड्याचे कान दिसले. मेरिल आणि टेसने आकड्यांनी तो वर ओढला आणि खड्ड्यातून गरम हवेचा लोट युनिसच्या तोंडावर आला.

त्या लोटाबरोबरच तिला आईचा आवाज आठवला. कथील चुलीपासून हातभर लांब ठेव, युनिस, नाहीतर त्याचं पाणी होईल. लहानपणी रोज ऐकलेलं वाक्य. पीझलींच्या घरात प्रत्येक पोराला बोलता येण्याआधी ते शिकवलं जायचं. आणि आपण पाच चमचे चुलीजवळ नव्हे, चुलीच्या खाली नेऊन ठेवले.

"मेरिल," टेसने झाकण उघडून पाहिलं, आणि ती बापाला नावाने हाक मारायची ती फक्त फार नवल वाटलं तर. "खाली लागल्यात."

कुणाचा विश्वास बसेना. काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून केलेल्या मेरिलच्या बीन्सचा गावात दाखला देत. आजवर कधी तळाला एक दाणा लागला नव्हता. मेरिलने हंड्यात डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"लागल्या खऱ्या," तो म्हणाला. "वरच्या खा."

रॉइसला बीन्सचं काही पडलं नव्हतं. त्याने निखारे बाजूला ओढले आणि यंत्र खड्ड्यात धरलं. यंत्र वाजलं. त्याने आकडीने तळातला दगड उलटवला, खालची तापलेली माती उकरली, आणि फावड्यावर काहीतरी वर आलं. जळून काळा पडलेला पत्रा, आणि त्यात पसरून थिजलेला राखाडी धातूचा गोळा. पोळीएवढा, वेडावाकडा.

युनिसने फावड्याकडे वाकून पाहिलं. सहा पिढ्यांचं थँकफुलचं सोंग, ती घासून घासून चमकवलेली लाज, आपल्या हातून वितळून गेली. चमच्यासारखं त्यात काहीच उरलं नव्हतं. ना दांडा, ना कोरलेलं अक्षर.

"हे काय आहे?" रॉइसने विचारलं.

टेस वाकली. ओतकाम शिकवणाऱ्या बाईला हे ओळखायला वेळ लागला नाही. तिने आत्याकडे एकदा पाहिलं. "कथील," ती म्हणाली. "वितळलेलं. जुन्या घरांच्या आवारात असले गोळे हमखास मिळतात."

"इथे कसं आलं?"

"कुणीतरी आणून टाकलं असणार, त्याशिवाय कसं येईल?" मेरिल म्हणाला. "या खड्ड्यात दीडशे वर्षं चूल पेटतेय."

रॉइसने तो गोळा राखेत फेकला आणि पाव उचलला. तोंडात घास घेऊनच त्याने घोषणा केली. "त्या दातवाल्याला उद्या फोन करतो. घर विकायचं नाही. पाच चांदीचे चमचे त्याच्या घशात घालायला मी काही वेडा नाही."

"रॉइस," ग्लेंडा म्हणाली, "तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

"पाच, ग्लेंडा. या हिरवळीखाली पाच आहेत."

"आणि फ्लॉरिडा?"

"हिवाळ्यात जाऊ की. भाड्याने घेऊ. पण एप्रिलमध्ये जमीन वितळली की परत. नवीन यंत्र घेतो, टेसच्यासारखं. आणि आवाराचे चौकोन पाडतो, दोरीने."

ग्लेंडाने नवऱ्याकडे पाहिलं. पडल्यापासून तो संध्याकाळी खिडकीशी बसून राहायचा, आणि आज तो दोरीच्या, चौकोनांच्या, पुढच्या एप्रिलच्या गोष्टी करत होता. मग ती युनिसकडे वळली.

"युनिस, ती वरची पूर्वेकडची खोली उन्हाळ्यात रिकामीच असते ना?"

घर वाचलं होतं, आणि त्याचं भाडं आता समोर उभं होतं. "असते," युनिस म्हणाली. "पण माझी गादी उचलायची नाही."

"नाही उचलणार," ग्लेंडा म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "मी त्या फडक्याबद्दलही काही विचारणार नाही. नवरा धावला आज माझा."

*

जेवणं उरकली. रॉइस आणि टेस विहिरीकडे गेले, ग्लेंडा चिठ्ठ्या काढायला आत. युनिसने राखेतून तो गोळा उचलला आणि पदराखाली धरावा तसा एप्रनमध्ये गुंडाळला. अजून कोमट होता. मेरिल हंड्याचा तळ वाळूने घासत होता, त्याच्याजवळ ती बसली.

"तुझ्या बीन्स जळल्या," ती म्हणाली.

"हं."

"तू कधी जास्त लाकूड घालत नाहीस."

मेरिल घासत राहिला. "तळातला दगड तू उलटा बसवलास, युनिस. त्याची काळी बाजू वर असते. शुक्रवारी लाकडं रचायला आलो तर गोरी बाजू वर. उचलून बघितलं."

युनिस त्याच्याकडे वळली. "मग डबी काढून ठेवायचीस ना कुठेतरी."

"कुठे? खिशात? आणि रॉइसने विचारलं असतं, मेरिल, खिशात काय आहे, तर? मला सांगावं लागलं असतं. मग विहिरीजवळ तू काय पुरलंस, तेही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "माझ्या खिडकीतून विहीर दिसते मला. म्हातारा आहे, आंधळा नाही."

"अरे पण थँकफुलचे होते ते."

"हो. म्हणून पेटवताना हात थांबला जरा." त्याने वाळू झटकली. "पण जोवर ते चमच्यांसारखे दिसत होते, तोवर कधीतरी कुणीतरी ते शोधून काढणार होतं. तू गेल्यावर, मी गेल्यावर. टेसच्या पोरांना पण विकावंसं वाटेलच की एक दिवस."

युनिसने एप्रनवरून हात फिरवला. आता जगाच्या अंतापर्यंत कुणी खणलं तरी ते पाच चमचे मिळणार नव्हते, आणि ते मिळेपर्यंत घर विकायला कुणाचा हात उठणार नव्हता. तिला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं.

"तुला विकायचंच नव्हतं," ती म्हणाली. "मग त्या रॉइसला सरळ नाही का म्हणाला नाहीस?"

"शब्द दिला होता ना," मेरिल म्हणाला. "तो मोडला नाही मी. बीन्स जरा जास्त शिजवल्या, एवढंच."